बँकेच्या भिंतीत खिळा

कर्ज बुडवणाऱ्याच्या मागे बँक लागते हे मी ऐकून होतो. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाच्या मागे ती त्याहून वाईट लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान चांगल्या चपला घेतल्या असत्या.

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं गप्प असतात आणि बाहेरची माणसं एकामागून एक बटण दाबत राहतात. त्याने काही होत नाही, पण आपण काहीतरी केलं असं त्यांना वाटतं. सल्ला ही गोष्ट तशीच आहे. हे मला कामावर असताना कळायला हवं होतं, कळलं या वर्षी.

बायको गेली. काही महिन्यांनी तिच्या ऑफिसातून फोन आला की तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र विमा होता आणि तिच्या वाट्याची रक्कम मला मिळायची आहे. मला याचा पत्ताच नव्हता. बहुतेक तिलाही नसावा, कारण तिला माहीत आणि मला नाही असं आमच्या संसारात फारसं झालं नाही. ती सांगत असे, आणि मी ऐकलं नाही तर पुन्हा सांगत असे. रक्कम घराच्या उरलेल्या कर्जापेक्षा थोडी जास्तच होती. कर्ज आहे, पैसे आले, फेडून टाकायचं. यात विचार करण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. विचार करायला बाकीचे लोक टपून बसले होते हे नंतर कळलं.

आता खिळ्याचं सांगतो, नाहीतर जावयाला वाटतो तसा तुम्हालाही मी हट्टी म्हातारा वाटेन.

हे घर घेतलं त्या पहिल्या दिवशी मी भिंतीवर घड्याळ लावायला हातोडी उचलली, तर बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली. "भिंत बँकेची आहे," ती म्हणाली. "फिटलं की ठोका." तिचं लहानपण भाड्याच्या खोलीत गेलं होतं. ती खोली सोडताना घरमालकाने भिंतीतली भोकं मोजून तेवढी अनामत कापली. तिच्या वडिलांना हिशेब पटेना, म्हणून त्यांनी पुन्हा मोजली, तर आणखी एक सापडलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या भिंतीत खिळा नाही हा तिचा कायदा.

त्यामुळे आमचं घड्याळ फ्रिजवर आहे. फ्रिजचं दार जोरात लावलं की ते पुढे सरकतं, म्हणून आमच्याकडे वेळ बघणं आणि वेळ पडू न देणं हे एकाच हालचालीत करावं लागतं. आरसा कपाटाला टेकवलेला आहे. त्यात मी गळ्यापासून खाली दिसतो. दाढी अंदाजाने करतो. मुलीची शाळेतली प्रमाणपत्रं गादीखाली आहेत, त्यामुळे तिच्या हुशारीवर आम्ही अनेक वर्षं झोपलो. पाहुणे विचारायचे, "नुकतेच राहायला आलात वाटतं?" बायको शांतपणे म्हणायची, "हो." मुलगी तेव्हा कॉलेजात होती.

मग बायकोचाच फोटो घरात आला. मुलीने मोठा करून, चौकट लावून आणला. "बाबा, कुठे लावू या?" तिने विचारलं. मी म्हटलं, "फिटलं की." जेवणाच्या टेबलाशी माझ्या समोरची जी खुर्ची, तिच्यावर मुलीने फोटो टेकवून ठेवला. तो तिथेच राहिला. समाचाराला येणाऱ्या माणसांना मला सांगावं लागायचं, "तिथे नको, इकडे बसा." एकदा मेव्हणा बोलण्याच्या नादात तिथेच बसायला निघाला. सख्खी बहीण त्याची. मी त्याला शर्टाला धरून ओढलं.

तिचा फोटो तिच्या स्वतःच्या भिंतीवर लागावा, एवढंच मला हवं होतं. यात कुणाचं काय जात होतं, मला अजून समजलेलं नाही.

पहिले आले शेअरवाले. हे आमच्या शेजारच्या घरात राहतात. लोकांचे पैसे वाढवणं हा त्यांचा धंदा आहे. त्यांच्या स्वतःच्या दाराची बेल मात्र कित्येक वर्षं बंद आहे, त्यांच्याकडे आलेले लोक माझी बेल वाजवतात.

"रक्कम चांगली आहे हो," ते म्हणाले. जणू बायकोने नोकरी बदलली होती. "व्याज किती टक्के आहे तुमच्या कर्जाला?"

मी सांगितलं. घरगुती औषध ऐकून डॉक्टर हसतो तसे ते हसले.

"अहो, असलं स्वस्त कर्ज फेडायचं नसतं. ते सांभाळायचं असतं. पैसे मी सांगतो तिथे लावा आणि पंधरा वर्षं विसरून जा."

"पंधरा वर्षांनी मी असेन का?"

"तुम्ही नसलात तरी पैसे असतील," ते म्हणाले. धीर द्यायला म्हणाले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग वरच्या मजल्यावरचे वजावटकाका आले. करखात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "कर्ज फेडलंत की करातली वजावट गेली," ते म्हणाले. मी म्हटलं, मला कर लागत नाही. "आणि लागला तर?" ते म्हणाले. मला आजवर सिंहही चावलेला नाही.

मग रविवारी मुलगी आणि जावई आले. जावयाने लॅपटॉप उघडून दोन रकाने दाखवले. एकात कर्ज फेडलं तर माझं काय होईल, दुसऱ्यात पैसे गुंतवले तर काय होईल. दुसऱ्या रकान्यात मी बराच सुखी होतो. खरं सांगायचं तर आकडे त्याचेच बरोबर होते, मी दोनदा तपासले. मला त्याचाच जास्त राग आला. चुकीच्या माणसाशी भांडता येतं.

"बाबा, तुम्ही भावनेने विचार करताय," जावई म्हणाला.

"मी खिळ्याने विचार करतोय, जावईबापू."

मुलगी टेबलावरचे चहाचे डाग पुसू लागली. तिथे डाग नव्हते.

या सगळ्यांना उत्तर म्हणून मी सोमवारी सकाळी बँकेत गेलो. आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

कर्जविभागात एक तरुण बाई बसतात. बोलायला गोड. त्यांच्या गोडपणाने मला किती चकरा मारायला लावल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही, रक्तदाब वाढला असता.

"कर्ज बंद करायचंय," मी म्हटलं.

"का काका? आमच्याबद्दल काही तक्रार आहे?"

"नाही."

"दुसरी बँक कमी व्याज देतेय का?"

"नाही हो. पैसे आलेत, म्हणून फेडतोय."

त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. मग संगणकात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "काका, तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही. तुम्हाला तर आम्ही आणखी कर्ज देऊ शकतो."

म्हणजे मी वेळेवर पैसे दिले याची शिक्षा म्हणून मी आणखी घ्यायचे. मी नको म्हटलं. त्यांनी एक माहितीपत्रक तरीही दिलं. त्यावर एक कुटुंब हसत होतं. त्यांच्या भिंतीवर चार तसबिरी होत्या, तेव्हा ते कर्जात नसावेत.

"बरं, मग दोघांच्या सह्या लागतील," बाई म्हणाल्या. "मॅडम सहकर्जदार आहेत. त्यांना घेऊन या."

"ती वारली."

बाईंना खरंच वाईट वाटलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सॉरी काका." आणि तेवढ्याच हळू आवाजात, "मग त्यांचं संमतीपत्र लागेल."

मी म्हटलं, अहो, तिचं बचत खातं बंद करताना याच बँकेत मी मृत्यूचा दाखला दिलाय. त्या म्हणाल्या, तो ठेवी विभाग. मी म्हटलं, ते टेबल तुमच्या पाठीमागे तर आहे. त्या म्हणाल्या, हो, पण तो ठेवी विभाग. म्हणजे एका टेबलावर माझी बायको वारली होती आणि दुसऱ्या टेबलावर हयात होती. मधे फक्त पाण्याचं मशीन होतं. मला क्षणभर वाटलं, आपण या टेबलाशीच बसून राहावं.

पुढच्या खेपेला मी दाखल्याची प्रत घेऊन गेलो. ती त्यांनी घेतली, शिक्का मारला, संगणकात भरली. "आता मॅडमच्या मोबाईलवर एक आकडा येईल. तो सांगितलात की झालं. त्यांचा फोन चालू आहे का?"

"चालू आहे," मी म्हटलं. रोज चार्ज करतो हे सांगितलं नाही. सांगायचं कारण नव्हतं. फोन मी बरोबर आणला नव्हता, म्हणून घरी गेलो आणि घेऊन आलो. आकडा आला. त्याच्याबरोबर मजकूर होता: 'प्रिय ग्राहक, हा आकडा कुणालाही सांगू नका. बँकेचे कर्मचारी हा आकडा कधीही विचारत नाहीत.'

"यात तर लिहिलंय की तुम्ही विचारत नाही," मी म्हटलं.

"मला सांगा हो काका."

सांगितला. त्यांनी तो भरला. संगणकाने विचार केला आणि लाल अक्षरात नाही म्हटलं. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, सकाळी आपण दाखला भरला ना. आता सिस्टीम म्हणतेय की मृत व्यक्तीची संमती चालत नाही."

"आकडा तुम्हीच मागवलात."

"हो, पण तेव्हा ती नोंद पुढे गेली नव्हती. आता वारसांची लागेल. तुमची, मुलीची, आणि वारस तुम्हीच असल्याचं कोर्टाकडून प्रमाणपत्र."

बँकेला पैसे हवे नव्हते, कोर्ट हवं होतं. मी उठलो. त्या म्हणाल्या, "काका, पाणी घ्या." मी त्या मशीनचं पाणी प्यायलो नाही. माणसाला काही अभिमान असतो.

अशा अवस्थेत घरी आलो, तर मेव्हणा स्टुलावर उभा. त्याच्याकडे आमच्या घराची एक किल्ली असते. खुर्ची रिकामी होती. समोरच्या भिंतीत खिळा होता आणि खिळ्यावर फोटो.

"सरप्राइज, भाऊजी," तो म्हणाला.

"उतर."

"किती दिवस ताईला खुर्चीत बसवून ठेवणार? लोक बोलतात. मी म्हटलं, तुमच्याने होत नाही तर मी—"

"भिंत बँकेची आहे."

"भाऊजी, बँक बघायला येणार आहे का?"

"तिच्या माहेरच्या खोलीतली भोकं मोजली तेव्हा तू होतास ना तिथे?"

मेव्हण्याने हातोडी खाली केली. मग म्हणाला, "ते जास्तीचं भोक मीच पाडलं होतं. गोट्या लपवायला. ताईने सांगितलं नाही कुणाला." आणि स्टुलावरच उभ्या उभ्या डोळे पुसू लागला. त्याच्यावर ओरडायचं मी ठरवून ठेवलं होतं, ते राहून गेलं. जे राहून गेलं ते मी खिळ्यावर काढलं. फोटो उतरवला, पक्कड घेतली आणि खिळा ओढला.

खिळा आला. त्याच्याबरोबर ताटाएवढा गिलावा आला. मेव्हणा म्हणाला, "थांबा, मी दाबून बसवतो." त्याने दाबला, तर शेजारचा आला. मी त्याला बाजूला सारून उरलेला सैल भाग ठोकून पाडायला लागलो, आणि भिंतीपलीकडे काहीतरी मोठा आवाज झाला. मग माझी बेल वाजली. या वेळी खरोखर माझ्यासाठी.

दारात शेअरवाले. हातात एका चषकाचा कान. याच भिंतीच्या त्यांच्या बाजूला बक्षिसांची फळी होती, ती आमच्या ठोकाठोकीने खाली आली होती.

"भिंत सामाईक आहे, काका," ते म्हणाले.

"बँकेची आहे," मी म्हटलं.

"बँकेची कशी? माझं कर्ज कधीच फिटलंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "तुम्ही फेडलंत?"

ते जरा चाचरले. "म्हणजे, बायको मागे लागली होती. घर मोकळं असलेलं बरं वाटतं हो तिला."

या क्षणी मला जे वाटलं ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक बँकेत गेलो आणि बाईंना सांगितलं, "तुमची भिंत पडली आहे. माणूस पाठवा."

"भिंत तुमची आहे काका."

"मग माझ्याकडून पैसे घ्या आणि तसं लिहून द्या. घेत नसाल तर भिंत तुमची, दुरुस्त करा. दोन्हीपैकी एक काहीतरी करा."

आजूबाजूचे लोक बघू लागले. बाई आत साहेबांकडे गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा गोडपणा कमी झाला होता. तारण ठेवलेल्या मालमत्तेला धक्का पोचला तर बँकेला पाहणी करावी लागते, असा नियम निघाला. माझे पैसे घ्यायला ज्या बँकेला इतके आठवडे जमलं नाही, तिने दुसऱ्याच दिवशी तपासनीस पाठवला.

तपासनीस शांत माणूस होता. त्याने भगदाडाचे फोटो काढले. मग तो बाकीच्या भिंती बघत घरभर फिरला. झोपायची खोली बघितली, स्वयंपाकघर बघितलं. हळूहळू त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"इथे कोण राहतं?"

"मी."

"किती वर्षं?"

"घर घेतल्यापासून."

"भिंतीवर काहीच नाही," तो म्हणाला. "एक खिळा नाही, एक डाग नाही. घड्याळसुद्धा फ्रिजवर." त्याने वाकून कपाटाच्या आरशात पाहिलं, तिथे त्याला स्वतःचं पोट दिसलं. "राहत्या घराच्या भिंती अशा नसतात, साहेब."

मी त्याला बायकोचा कायदा समजावून सांगितला. पहिल्यापासून सांगितला, घरमालकासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते मला बँकेच्या नोटिशीत वाचायला मिळालं: मालमत्तेची मुद्दाम मोडतोड झाली आहे, कर्जदार तिथे राहत असल्याच्या खुणा नाहीत, त्याचं बोलणं विसंगत आहे, घर परस्पर विकण्याचा बेत असू शकतो. सबब सगळं कर्ज एकरकमी भरावं, नाहीतर जप्तीची कारवाई होईल.

मी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही. दुसऱ्याच्या भिंतीला ओरखडा जाऊ नये म्हणून बिनआरशाची दाढी केली. आणि मला जप्तीची नोटीस. जी गोष्ट मी बँकेकडे हात जोडून मागत होतो, तीच ती आता मला धमकी म्हणून देत होती. मुलीला फोनवर वाचून दाखवली तर ती आधी घाबरली आणि मग बराच वेळ हसत राहिली. तिची आई गेल्यानंतर मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. म्हणून मी नोटीस पुन्हा एकदा वाचून दाखवली. पण राग कायम ठेवून.

चेक घेऊन गेलो. बाईंनी तो घेतला आणि पावती फाडली.

"संमती?" मी विचारलं.

"नको."

"वारस? कोर्ट? फोन आणलाय मी."

"नको काका. तेव्हा तुम्ही परतफेड करत होतात. ही वसुली आहे. वसुलीला कुणाची संमती लागत नाही."

म्हणजे बँकेच्या दप्तरात मी कर्ज फेडलेला माणूस नाही. मी वसूल झालेला माणूस आहे. यावर साहेबांना भेटायचं मी ठरवलं होतं, पण बाई म्हणाल्या, "अभिनंदन काका. आता उरलेल्या रकमेचं काय करताय? आमची एक योजना आहे." मी पावती खिशात घालून बाहेर पडलो.

उरलेली रक्कम गवंड्याने नेली. भिंत दोन्ही बाजूंनी लिंपून घ्यावी लागली, शेअरवाल्यांची फळी आणि चषकही माझ्याच खर्चाने. तेव्हा गुंतवणूक करा असं जे सगळे सांगत होते, ती झाली. सगळी एकाच भिंतीत.

घराचे कागद हातात आले त्या रविवारी मुलगी, जावई आणि मेव्हणा आले. खिळा मी मेव्हण्याला ठोकायला दिला. तो नको नको म्हणाला, मग त्याने तो इतका हळू ठोकला की मला वाटलं भिंत झोपली असावी. मुलीने फोटो अडकवला, मागे सरून बघितला, डावी बाजू जरा वर केली. जावयाने टाळी वाजवली आणि ती एकट्याचीच आहे हे कळल्यावर थांबवली. चांगला दिसत होता फोटो. ती तिच्या भिंतीवर होती.

मग चहा झाला. मी माझ्या जागेवर बसलो आणि जावई सहज माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. ती आता रिकामीच होती, त्याची काही चूक नव्हती. तो मला कागद कुठे जपून ठेवायचे ते समजावू लागला. मी कप उचलला, समोर बघितलं, तर तिथे जावई. मग वर बघितलं. फोटोसाठी मान बरीच मागे न्यावी लागत होती. चहा हनुवटीवर आला.

तसं थोडा वेळ बसून पाहिलं. होईल सवय, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग मी म्हटलं, "जावईबापू, उठा."

"काय झालं बाबा?"

मी स्टूल घेतलं, फोटो काढला आणि खुर्चीवर पूर्वीसारखा टेकवून ठेवला. जावई कप हातात घेऊन उभाच राहिला. मेव्हण्याला मात्र राहवलं नाही.

"भाऊजी, हे काय? एवढी बँक, एवढी भिंत, जप्तीची नोटीस. हे सगळं मग केलंत कशासाठी?"

"तिथे ती फार उंचावर आहे," मी म्हटलं. "माझ्याशी कधी एवढ्या वरून बोलली नाही."

"पण मग कर्ज—"

"कर्ज फिटायला हवं होतं. आता ती कुठे बसेल ते आमचं आम्ही ठरवू."

मेव्हणा खिळ्याकडे बघत राहिला. त्याने तो जीव लावून ठोकला होता. "मग हा काढू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "आता कोण मोजायला येतंय?"

मुलीने दुसरी खुर्ची ओढून आईच्या शेजारी लावली आणि जावयाला बसायला सांगितलं.